कापडाचं डफडं, कातड्याची माणसं

डफडं दिवाणखान्यात आलं. खुशाल पेढे वाटा.

गावकुसाबाहेरच्या खोपटात मेढीला टांगलेलं, पावसाळ्यात ओल धरली की जाळावर शेकलेलं, वाड्याच्या ओसरीला कधी टेकू न दिलेलं आमचं डफडं एकदाचं उंबरा ओलांडून आत गेलं. मात्र जरा जवळ जाऊन बघा. त्याला कातडंच नाही. गोल कडं आहे आणि कड्यावर कापड ताणलेलं आहे. कुठं बांधणी, कुठं इकत, कुठं पैठणीसारखा काठ. कडेनं गोंडे, आरसे, घुंगरं. हळदीला, संगीताला पाहुण्यांच्या हातात द्यायला अशा रंगीत डफल्या आता शहरातल्या बाजारात सर्रास मिळतात. हातात धरायची, फोटो काढायचा, कार्य उरकलं की भिंतीला टांगायची. वाजवायची गरज नाही. ती धड वाजतही नाही.

म्हणजे आत गेलं ते डफडं नव्हे. डफड्याचा गोल आकार तेवढा आत गेला. कातडं बाहेर राहिलं. कातड्याबरोबर आम्ही राहिलो.

यावर कलाप्रेमी मंडळी लगेच म्हणतील, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत जात दिसते. किती सुंदर वस्तू आहे! हातानं केलेली, देशी कापडाची, आणि मुक्या जनावराला न मारता केलेली. यात तुमचं काय गेलं?

सांगतो. आधी हे ऐका की कापडाशी आमचं वैर नाही. कापड विणणारा साळी, कोष्टी, पद्मशाली, मोमीन हा आमच्यासारखाच राबणारा माणूस. सोलापूरच्या चादरीवर कारखान्याचं नाव असतं, मागावर उभं राहून पाय सुजलेल्या विणकराचं नसतं. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत रंगतात आणि त्या डफलीवर त्याचंही नाव नसतं. त्याच्या पोटावर पाय द्यायला आम्ही बसलेलो नाही. प्लॅस्टिकशीही आमचं भांडण नाही. आमच्याच पोरांनी फायबरचं पान बसवलेल्या हलग्या घेतल्यात. पावसात भिजत नाहीत, घडीघडीला शेकाव्या लागत नाहीत. सोय असेल ती माणसानं घ्यावी.

राहिली जनावराची दया. ज्याला खरोखर दया येते, जो खातही नाही आणि वापरतही नाही, त्याला आम्ही हसणार नाही. पण बोकडाचं मटण ताटात चालतं आणि बोकडाचं कातडं भिंतीवर चालत नाही, तेव्हा मामला दयेचा नसतो बाबांनो. मामला विटाळाचा असतो.

कातडं म्हणजे काय चीज आहे हे ज्यांनी हातात धरलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला पाहिजे. हलगीला बोकडाचं नाहीतर शेळीचं कातडं लागतं. ते चुन्याच्या पाण्यात भिजवायचं. केस सैल झाले की खरवडून काढायचे. आतल्या बाजूची चरबी, मांसाचे तुकडे खरवडायचे. त्या वेळी जो वास येतो तो आंघोळ करून जात नाही. जोड्याचं चामडं कमावतात तसं हे कमवायचं नाही. कमावलं तर मऊ पडतं आणि नाद मरतो. कच्चंच ठेवायचं, ओलं असतानाच साधारण फूटभराच्या कड्यावर ताणायचं, वादीनं आवळायचं नाहीतर चिंचोक्याच्या खळीनं चिकटवायचं. वाळताना कातडं आकसतं आणि स्वतःच्या बळानं कड्याला आवळून धरतं. किती ओलं, किती ताणायचं, कुठं जाड, कुठं पातळ, हे बोटांना कळतं. कुठल्या पुस्तकात ते लिहिलेलं नाही. लिहिणाऱ्यांनी कधी हात घातला नाही, आणि हात घालणाऱ्यांना कधी लिहू दिलं नाही.

गंमत बघा. हीच चिंचोक्याची खळ घोंगडीलाही देतात. घोंगडी कडक होते, अंगावर टिकते. म्हणजे चिंचोका एकच, खळ एकच. लोकरीला लागली तर घोंगडी अंगावर घेतात. कातड्याला लागली तर लावणाऱ्याला शिवत नाहीत.

आता कापडाचं बघू. विणलेल्या कापडात धागे दोनच दिशांनी जातात, उभे आणि आडवे. तिरपं ओढलं की ते सैल सुटतं. दोन धाग्यांच्या मधून हवा निसटते. म्हणून नुसतं कापड ताणून ठोका दिला तर फटफट होतं. परदेशात हौशी लोक कापडावर डिंकाचे थरावर थर देतात, भोकं बुजवतात आणि त्यातून बऱ्यापैकी वाजणारी डफडी करतात. कापड कातड्यासारखं वागावं म्हणून एवढी खटपट! कातड्याचे तंतू मात्र चहूबाजूंनी एकमेकांत गुंतलेले असतात. कुठूनही ठोका मारा, सगळं पान मिळून बोलतं. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्या हातात बारीक लांब काडी. टिपरू घुमवतं, काडी कडकडवते. दोन्ही मिळून जे निघतं ते ऐकून म्हाताऱ्याचेही पाय उचलतात.

मग कातड्याचा एवढाच विटाळ असेल तर तबल्याचं काय करणार? तबल्याचं पानही बोकडाच्याच कातड्याचं असतं. पखवाज कीर्तनात, देवळात वाजतो. त्याला काय जरीचं कापड लावलंय? तिकडं कातडं पवित्र. का? कारण तिकडं वाजवणारा वेगळा आणि कातडं खरवडणारा वेगळा. वाजवणारा पुढं, खरवडणारा पडद्यामागं. दक्षिणेत मृदंगाचं तेच. मृदंगाला गाईचं, म्हशीचं, शेळीचं कातडं लागतं. टी. एम. कृष्णा या गायकानं २०२० साली 'सेबॅस्टियन अँड सन्स' हे पुस्तक लिहिलं आणि मृदंग बनवणाऱ्या कारागीर घराण्यांची नावं जगापुढं मांडली. त्यात दलित ख्रिस्ती पुष्कळ. काय झालं? चेन्नईच्या कलाक्षेत्र संस्थेनं प्रकाशनासाठी दिलेली जागा ऐन वेळी परत काढून घेतली. मृदंग चालतो. मृदंगाचं कातडं चालतं. ते कातडं कोणाच्या हातातून आलं हे मोठ्यानं म्हटलेलं चालत नाही.

हलगीची अडचण अशी की तिच्यात पडदाच नाही. जो कातडं खरवडतो तोच वाजवतो, आणि तो समोर उभा असतो. त्याला लपवता येत नाही. म्हणून मग कातडंच काढून टाकायचं, कापड ताणायचं, आणि वर 'लोककला' म्हणून पाटी लावायची. तबल्यात माणूस लपवला, डफलीतून माणूस खरवडूनच काढला.

आवाजाबद्दल बोलायचा आम्हाला हक्क आहे, कारण आम्ही तेरखेड्याकडून बोलतो आहोत. धाराशिव जिल्ह्यात, वाशी तालुक्यात, सोलापूर-धुळे रस्त्यावरचं हे गाव. महाराष्ट्राला ते माहीत आहे फटाक्यांमुळं. कोरडवाहू मुलूख, पाऊस आला तर आला. ज्याला शेत नाही त्यानं काय करायचं? कागदाची नळी वळायची, दारू ठासायची, वात बसवायची. बाया, बापे, रोजंदारीवरचे हात. इथल्या कारखान्यांत स्फोट झाले, माणसं भाजली, माणसं मेली. दोन दिवस बातमी आली आणि तिसऱ्या दिवशी विझली. दिवाळीला पुण्या-मुंबईत फटाका फुटतो तेव्हा कुणी म्हणतं का, हा आवाज अमक्या बाईच्या बोटांचा आहे?

हलगीचं तेच आहे. आवाज आमचा, सण त्यांचा. दवंडी द्यायची, तर हलगी. वरात काढायची, तर हलगी. पोळ्याला बैल मिरवायचे, जत्रेत छबिना काढायचा, कुस्तीचं मैदान तापवायचं, मढं उचलायचं, तर हलगी. कुस्ती जिंकणाऱ्याला फेटा आणि रोख इनाम. दुपारपासून त्याचं रक्त तापवणाऱ्याला काय? खळ्यावरचं पसाभर, सणाचं शिळंपाकं, आणि 'ए, जरा लांब हुबा ऱ्हा'. याला कला म्हणत नव्हते. याला गावकी म्हणत होते. वाजवणार का, असं कुणी विचारत नव्हतं. सांगावा यायचा आणि जायचं. ताप असला तरी जायचं, घरात मढं असलं तरी जायचं.

आता म्हणाल, ते जुनं झालं. झालं का? महाराष्ट्रातल्या कितीतरी नगरपालिकांनी, महापालिकांनी घरपट्टी थकवणाऱ्याच्या दारात हलगी वाजवून वसुली केली आहे. साहेबांना निवेदनावर उत्तर मिळत नाही म्हणून पक्षवाले कचेरीपुढं 'डफडे बजाव' आंदोलन करतात. विचार करा. नगारा वाजला की राज्याची द्वाही. चौघडा वाजला की देवाचा मान. सनई वाजली की मंगल कार्य. आणि हलगी दारात वाजली की अब्रू गेली! असं का? हलगीच्या नादात अब्रू घालवण्यासारखं काय आहे? नादात काहीच नाही. जे आहे ते वाजवणाऱ्याच्या जातीत आहे. थकबाकीदाराला लाज वाटते ती घरपट्टीची नाही. आपल्या दारापुढं मांगाची हलगी वाजली याची लाज वाटते. आणि सरकारी कचेरी त्याच लाजेवर वसुली करते. घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता नष्ट केली, आणि पालिकेनं तीच कर वसूल करायला कामाला लावली. वा रे कारभार!

रंगीत कापडाचं म्हणाल तर रंगीत कापड आणि डफडं यांची गाठ आमच्याकडं जुनीच आहे. पोतराज आठवा. मरीआईला वाहिलेल्या खणांचे तुकडे शिवून केलेला त्याचा घोळदार घागरा, त्याला आभरान म्हणतात. हिरवा, लाल, पिवळा, जांभळा, एका घागऱ्यात शंभर घरचं कापड. बाजूला बायको डफडं वाजवते, हा आसूड ओढून स्वतःच्या अंगावर वळ उठवतो, आणि बघणारे सुपात पसाभर पीठ टाकतात. पार्थ पोळके यांनी आपल्या आत्मकथनाला नावच 'आभरान' दिलं. शहरातल्या डफलीवर जे रंग बघून जीव हरखतो ते रंग आमच्या अंगावर होते तेव्हा ते भिकेचे रंग होते. आम्ही आभरान उतरवलं, पोरांच्या जटा कापल्या, शाळेत घातलं. तेवढ्यात हे आले आणि म्हणाले, अरेरे, लोककला मरते आहे!

लोककला मरते म्हणून रडणाऱ्यांना आमचा सवाल आहे. माणूस मरत होता तेव्हा कुठं होता?

आता आपल्या घरातलं भांडण. ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला १९४१ साली २२ आणि २३ फेब्रुवारीला महार-मांग वतनदार परिषद भरली. स्वतः बाबासाहेब आले होते. महार आणि मांग एका मांडवात बसले. वतनाच्या विरोधात बाबासाहेब त्याच्या आधीपासून लढत होते. १९२८ साली त्यांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक मांडलं होतं. वतन म्हणजे मान नव्हे, गळ्यातलं दावं आहे, ही गोष्ट त्या लढ्यानं आमच्या बापजाद्यांच्या डोक्यात उतरवली. मेलेली जनावरं ओढणं सोडलं. सांगावे पोचवणं सोडलं. कितीतरी गावांत डफडं आडात टाकलं, चुलीत घातलं. बरोबर केलं. त्यांना आमचा मुजरा.

पण सगळ्यांच्या घरी दुसरी भाकर नव्हती. ज्याला दुसरी भाकर नव्हती त्यानं हलगी धरून ठेवली. आणि आज काय दिसतं? आमच्यातलेच काही शिकले, नोकरीला लागले, कॉलनीत गेले, आणि हलगीवाल्याला बघून मान फिरवायला लागले. 'अजून वाजवतोय का रे?' म्हणून विचारतात. तेच चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत हलगीवर बेभान नाचतात. मिरवणूक संपली की हलगीवाला पुन्हा मांग. हे बामणी दुखणं आपल्या अंगात शिरलंय, आणि ते औषध लावून काढलं पाहिजे.

एक बाजू म्हणते, हलगी फेकून द्या, ती गुलामीची खूण आहे. दुसरी बाजू म्हणते, हलगी जपा, ती आपली संस्कृती आहे. दोन्ही बाजू हलगीकडं बघतात. हलगी धरणाऱ्या हाताकडं कुणी बघत नाही.

आमचं म्हणणं एकच आहे आणि ते ठणकावून सांगतो. ज्याला 'नाही वाजवणार' म्हणता येतं, त्याच्याच वाजवण्याला कला म्हणावं. नकार आधी, कला नंतर. तबलजीला कार्यक्रम नाकारता येतो म्हणून तो कलावंत. नाकारला म्हणून त्याच्या घराला कुणी आग लावत नाही, त्याच्या आळीचं पाणी तोडत नाही, दळण बंद करत नाही. आमच्या नकाराची किंमत मराठवाड्यानं बघितली आहे. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावंच्या गावं पेटली. टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले, आणि ते मातंग समाजाचे होते हे विसरू नका. नाव विद्यापीठाचं होतं, पण राग होता तो मान वर करण्याचा. नामविस्तार व्हायला १९९४ उजाडलं.

तमिळनाडूत परई नावाचं असंच एक डफडं आहे. त्यावरून एका अख्ख्या जातीला नाव पडलं, आणि त्या नावावरून इंग्रजी भाषेला बहिष्कृतासाठी शब्द मिळाला, तोच 'परिया'. डफड्यानं एवढी बदनामी जगात दुसऱ्या कुणाची झाली नसेल. तिथल्या दलितांनी मढ्यापुढं परई वाजवायला नकार दिला, त्यासाठी मार खाल्ला. आणि मग त्यांच्याच पोरापोरींनी तीच परई उचलून सभेत, मोर्चात, रंगमंचावर वाजवली. २०२५ साली वेलू आसान या परईवादकाला पद्मश्री मिळाली. पद्मश्रीनं जात जात नाही हे आम्हाला कळतं. पण क्रम बघा. आधी नकार, मग नाद. आणि त्यांनी परईवर कापड चढवून ती स्वच्छ करून घेतली नाही. कातड्यासकट वर आणली.

म्हणून आम्हाला दया नको, संवर्धन नको, प्रदर्शनातला कोपरा नको. आम्हाला काय पाहिजे ते सरळ सांगतो.

गावकी म्हणून हलगी वाजवून घेणं बंद. घटनेच्या २३ व्या कलमानं बेगार गुन्हा आहे, १९८९ च्या ॲट्रॉसिटी कायद्यातही बेगार लादणं गुन्हा आहे. कुणी जबरदस्ती करेल तर फिर्याद द्या. एकट्यानं जाऊ नका, दहाजण मिळून जा.

वाजवायचं असेल तर सुपारी घेऊन. दर आधी ठरवायचा, कागदावर लिहायचा. बँडवाल्याला मिळतो तसा विसार हातात पडल्याशिवाय हलगी शेकायची नाही. जेवण असेल तर पंगतीत, उकिरड्याशेजारी नाही.

पालिकांनी वसुलीसाठी हलगी वाजवणं बंद करावं. लाज वाटायला लावायचीच असेल तर थकबाकीदाराच्या दारात सनई वाजवा. बघू द्या, कुणाला लाज वाटते का ते.

तबल्याला परीक्षा आहेत, विशारद आहे, शाळेत शिक्षक आहे. हलगीला काय आहे? शाळेत हलगी शिकवा. शिकवायला त्यालाच बोलवा ज्याच्या हातात ती आहे, आणि त्याला शिक्षकाचा पगार द्या. सगळ्या जातींच्या पोरांनी ते कातडं भिजवायला, खरवडायला बसलं पाहिजे. पाटलाच्या नातवाच्या नखात तो वास शिरेल त्या दिवशी आम्ही मानू की ही सगळ्यांची लोककला आहे.

आणि कापडाच्या डफल्या करणाऱ्या ताईंनो, दादांनो, तुम्हीही करा. पोट भरायचा तुम्हालाही हक्क आहे. पण त्यावर 'पारंपरिक वाद्य' म्हणून चिठ्ठी लावता तेव्हा परंपरा कोणाची तेही लिहा. कापड कोणी विणलं, कोणी रंगवलं, कडं कोणी वळवलं ते लिहा. मांग हा शब्द लिहायला हात थरथरत असेल तर परंपरा हा शब्दही लिहू नका. नुसतं 'शोभेची वस्तू' लिहा. ते खरं होईल.

शेवटी आपल्या हलगीवाल्या भावांना. लग्नसराई जवळ आली की सांगावे यायला लागतील. जो येईल त्याला दोनच गोष्टी विचारा. दर काय देणार? आणि हाक कशी मारणार? नीट उत्तर आलं तर जाळ करा, हलगी तापवा आणि गाव दणाणून सोडा. नाही आलं तर हलगी खुंटीवर राहू द्या आणि त्याला सांगा, जा, बाजारातून कापडाची घेऊन ये आणि तूच वाजव.